पाळणा थांबला, पण लांबला नाही

दोन मुले पुरेत, हे सांगण्यात या देशाच्या सरकारी प्रचारयंत्रणेने अर्धशतकाहून अधिक काळ घालवला. आता तीन हवीत, असे ऐकू येऊ लागले आहे. डिसेंबर २०२४ मध्ये नागपुरात राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे सरसंघचालक मोहन भागवत यांनी जननदर २.१ च्या खाली जाणे समाजाच्या अस्तित्वाला घातक असल्याचे सांगून तीन अपत्यांची गरज बोलून दाखवली. त्याच्या थोडे आधी, नोव्हेंबरमध्ये, आंध्र प्रदेशाने दोनपेक्षा अधिक अपत्ये असणाऱ्यांना स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुकीतून बाद करणारी अट रद्द केली. दक्षिणेतील राज्यांना लोकसभेच्या मतदारसंघांच्या फेररचनेत आपल्या जागा घटण्याची धास्ती आहे आणि लोकसंख्येच्या चर्चेला ती किनार आहेच. एकूण जननदर अवघा १.३ असलेल्या गोव्यातही हा सूर केव्हा ना केव्हा लागणार.

कमी मुले हवीत की जास्त, हा वाद नेत्यांनी, अर्थतज्ज्ञांनी आणि धर्मधुरीणांनी आपापसात चालवला आहे. गर्भ जिच्या उदरात वाढतो तिला तो केव्हा हवा होता, आधीच्या बाळंतपणातून तिचे शरीर सावरले होते काय, हा प्रश्न दोन्ही बाजूंच्या हिशेबात नाही. हा प्रश्न नवा म्हणावा तर तो ८० वर्षांहून अधिक काळापूर्वी मुंबईच्या विधिमंडळात मांडला गेला होता, आणि तो मांडणाऱ्याचा जन्म इंदूरजवळच्या महू छावणीत झाला होता.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेले भीमराव हे सुभेदार रामजी सकपाळ आणि भीमाबाई यांचे चौदावे अपत्य. चौदांपैकी जगली ती पाच, तीन मुलगे आणि दोन मुली. भीमराव पाच-सहा वर्षांचे असतानाच भीमाबाईंचे निधन झाले. पुढे आंबेडकरांच्या स्वतःच्या संसारातही तेच घडले. रमाबाईंना झालेल्या पाच अपत्यांपैकी यशवंत तेवढे वाचले, बाकी चौघे लहानपणीच गेली. २७ मे १९३५ रोजी रमाबाई गेल्या तेव्हा त्यांनी चाळिशीही गाठली नव्हती. त्या काळी हे जगावेगळे नव्हते. सैन्यात सुभेदारी असलेल्या, लिहित्यावाचत्या घरातही स्त्रीचे आयुष्य गर्भारपण आणि सुतक यांच्या येरझाऱ्यांत संपत असे, एवढेच त्यावरून कळते.

१० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबई विधानसभेत संततिनियमनाचा ठराव आला. स्वतंत्र मजूर पक्षाचे सदस्य प्र. ज. रोहम यांनी तो आंबेडकरांच्या वतीने मांडला. लोकांना संततिनियमनाची साधने उपलब्ध करून देण्यासाठी सरकारने पुढाकार घ्यावा, अशी मागणी त्यात होती. दारिद्र्याचा युक्तिवाद त्या भाषणात आहे. मात्र त्याचा कणा निराळा आहे. वरचेवरच्या बाळंतपणांनी स्त्रिया कशा खंगतात आणि मरतात याचा हिशेब मांडून, प्रसूतीच्या वेणा पुरुषांना सोसाव्या लागल्या असत्या तर एकाहून अधिक मुलाला कोणी तयार झाला नसता, असे त्यात सुनावले आहे. आणि कोणत्याही कारणाने गर्भ नको असलेल्या स्त्रीला तो टाळता आला पाहिजे, निर्णय सर्वस्वी तिचा असावा, असे म्हटले आहे. ठराव मोठ्या मतफरकाने फेटाळला गेला. त्याआधी १९३४ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’वरील अश्लीलतेच्या खटल्यात र. धों. कर्वे यांचे वकीलपत्र आंबेडकरांनीच घेतले होते. ज्या कर्व्यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र उघडले, त्यांची बाजू कोर्टात उभे राहून मांडायला फारसे कोणी धजत नव्हते, हे आज ध्यानात येत नाही.

महूचे आज अधिकृत नाव डॉ. आंबेडकर नगर आहे. दर एप्रिलमध्ये महाराष्ट्रातून हजारो लोक तेथील जन्मभूमी स्मारकावर येतात. इंदूर तेथून तासाभराच्या अंतरावर, त्यामुळे मोठी रुग्णालये हाकेच्या अंतरावर म्हणावीत अशी. पण छावणीचा भाग सोडून मानपूर किंवा जानापावच्या दिशेने डोंगर चढू लागले की भिल्लांच्या वस्त्या सुरू होतात आणि तेथून रात्री-अपरात्री अडलेल्या बाईला खाली आणणे ही वेगळीच गोष्ट असते. इंदूर हा मध्य प्रदेशातील सधन जिल्हा, तेव्हा महूवरून सबंध राज्याचा अंदाज बांधणे योग्य नव्हे. मात्र ज्या राज्यात महू येते त्या राज्याचे आकडे गोव्याच्या आकड्यांशेजारी ठेवले, तर १९३८ च्या ठरावातले काय पदरात पडले आणि काय राहिले, ते स्पष्ट दिसते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) मध्य प्रदेशातील १५ ते ४९ वयोगटातील विवाहित स्त्रियांपैकी ७१.७ टक्के कोणते ना कोणते गर्भनिरोधक साधन वापरत असल्याचे आढळले. गोव्यात हे प्रमाण ६७.९ टक्के, देशात ६६.७ टक्के. म्हणजे केवळ या एका आकड्यावर जायचे तर मध्य प्रदेश गोव्याच्या पुढे आहे. आता गर्भारपणाची फलनिष्पत्ती पाहावी. त्याच सर्वेक्षणात मध्य प्रदेशाचा बालमृत्युदर हजार जन्मांमागे ४१.३, गोव्याचा ५.६. नमुना नोंदणी पद्धतीनुसार २०१८-२० या काळात मध्य प्रदेशात दर एक लाख जिवंत जन्मांमागे १७३ माता दगावल्या. त्याहून वाईट स्थिती आसामची होती, १९५. देशाची सरासरी ९७, महाराष्ट्राची ३३, केरळची १९. त्यानंतरच्या वर्षांत मध्य प्रदेशाचा आकडा खाली आला आहे, तरी तो राष्ट्रीय सरासरीच्या बराच वर आहे. गोव्यात मातामृत्यू इतके थोडे की राज्याचा स्वतंत्र दर या पाहणीत काढलाच जात नाही.

हा सगळा फरक गर्भनिरोधनाचा नव्हे, हे उघड आहे. रस्ते, रक्तपेढ्या, डॉक्टरांची संख्या, मुलींचे शिक्षण, आहार या सर्वांचा त्यात वाटा आहे. गर्भारपणात किमान चार तपासण्या झालेल्या मातांचे प्रमाण मध्य प्रदेशात ५७.५ टक्केच होते. मात्र रुग्णालयात होणारी बाळंतपणे तेथे ९०.७ टक्क्यांवर पोहोचली आहेत, म्हणजे बाई दवाखान्यापर्यंत येतच नाही, हे जुने उत्तर आता अपुरे पडते. ती येते ती कोणत्या अवस्थेत, हे पाहावे लागते. आणि तेथे गर्भनिरोधनाच्या आकड्याची फोड करणे अगत्याचे ठरते.

मध्य प्रदेशातील ७१.७ टक्क्यांपैकी आधुनिक साधने वापरणाऱ्या ६५.५ टक्के. त्यातल्या ५१.९ टक्के स्त्रियांनी शस्त्रक्रिया करून घेतलेली आहे. पुरुष नसबंदी ०.७ टक्के. म्हणजे तांबी, गोळ्या, निरोध, इंजेक्शन ही तात्पुरती साधने सगळी मिळून जेमतेम १३ टक्के उरतात. गोव्यात आधुनिक साधनांचे प्रमाण ६०.१ टक्के, त्यात स्त्रियांची शस्त्रक्रिया सुमारे ३० टक्के आणि तात्पुरती साधने जवळपास तितकीच. मराठीत पाळणा लांबवणे आणि पाळणा थांबवणे असे दोन वाक्प्रयोग शेजारी शेजारी नांदतात. सरकारी तक्त्यात मात्र दोन्हींची एकच बेरीज होते.

शस्त्रक्रिया ही पाळणा थांबवणारी गोष्ट. मध्य भारतातील ग्रामीण बाईचा क्रम साधारण ठरलेला असतो. विशीच्या आत-बाहेर लग्न, वर्षा-दीड वर्षात पहिले मूल, पाठोपाठ दुसरे, मुलगा झाला नसल्यास तिसरे, आणि पंचविशीच्या आसपास शस्त्रक्रिया. २० ते २४ वयोगटातील ज्या स्त्रियांचे लग्न १८ वर्षे पुरी होण्याआधी झाले, त्यांचे प्रमाण मध्य प्रदेशात २३.१ टक्के आहे, गोव्यात ५.८. या क्रमात शस्त्रक्रियेने सहावे-सातवे मूल निश्चित टळले. राज्याचा जननदर २.० वर आला आणि राष्ट्रीय सरासरीला टेकला. ही सिद्धी लहान नव्हे. तथापि जोखमीची बाळंतपणे, म्हणजे कोवळ्या वयातले पहिले आणि पुरेसे अंतर न राखता आलेले दुसरे, ती तोवर होऊन गेलेली असतात. सर्वेक्षणाच्या तक्त्यात त्या स्त्रीची नोंद ‘साधन वापरणारी’ अशी होते, पण ज्या वर्षांत तिला साधन हवे होते त्या वर्षांत तिच्या हाती काही नव्हते.

अंतर का हवे, हे आजीबाईंनाही ठाऊक असते. त्याला वैद्यकाचा पाठिंबा आहे एवढेच. गर्भारपणात आणि स्तनपानाच्या काळात आईच्या शरीरातील लोह व फोलेटचा साठा रिता होतो. तो भरून येण्यापूर्वी दुसरा गर्भ राहिला तर बाळ अपुऱ्या दिवसांचे वा कमी वजनाचे होण्याचा धोका वाढतो, आणि प्रसूतीत रक्तस्राव झाल्यास आधीच पांढरीफटक झालेल्या बाईला तो झेपत नाही. आपल्याकडे माता दगावण्याच्या कारणांत रक्तस्राव अग्रभागी आहे. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने एका प्रसूतीनंतर पुढील गर्भधारणेपूर्वी किमान २४ महिने जाऊ देण्याची शिफारस केलेली आहे. मध्य प्रदेशातील गर्भवतींपैकी ५२.९ टक्के रक्तक्षयाने ग्रस्त आढळल्या. लोहाच्या गोळ्या वाटूनही हा आकडा हटत नसेल, तर दोन बाळंतपणांमधला अवकाश हाही उपचाराचा भाग मानायला हवा.

पाळणा थांबवण्यावरच एवढा भर का पडला, याचे उत्तर कार्यक्रमाच्या इतिहासात आहे. १९५२ मध्ये भारताने सरकारी कुटुंबनियोजन कार्यक्रम सुरू केला, तेव्हा जगात असे करणारा तो पहिला देश होता. आरंभी दवाखाने, सल्ला, साधने असा त्याचा साधा विस्तार होता. पुढे लाल त्रिकोण आला आणि पाठोपाठ उद्दिष्टे आली. तलाठ्यापासून शिक्षकापर्यंत सर्वांना ‘केसेस’ आणण्याचा कोटा ठरला. आणीबाणीच्या १९७६-७७ या एका वर्षात सुमारे ८३ लाख नसबंद्या झाल्या. त्यातल्या ६२ लाखांच्या आसपास पुरुषांच्या होत्या. सक्तीच्या नसबंदीचे विधेयक महाराष्ट्राच्या विधिमंडळाने त्याच काळात संमत केले होते, राष्ट्रपतींची मोहोर उमटली नाही म्हणून ते बारगळले. १९७७ च्या निवडणुकीने राज्यकर्त्यांना धडा शिकवला, पण तो विचित्र निघाला. सक्ती वाईट, असा बोध होण्याऐवजी पुरुषांना हात लावू नये, असा तो घेतला गेला. कोटा राहिला आणि शिबिरातल्या रांगेत स्त्रिया उभ्या राहिल्या.

त्या रांगेचे टोक नोव्हेंबर २०१४ मध्ये छत्तीसगडातील बिलासपूरजवळ दिसले. काही तासांत एकाच शल्यचिकित्सकाने ८३ स्त्रियांच्या शस्त्रक्रिया उरकल्या आणि त्यातल्या १३ दगावल्या. १४ सप्टेंबर २०१६ रोजी देविका बिस्वास प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने शिबिरांची ही पद्धत तीन वर्षांत बंद करण्यास सांगितले. तरीही कोट्याची सवय सुटत नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये मध्य प्रदेशातच पुरुष आरोग्य कर्मचाऱ्यांना फर्मान निघाले की वर्षभरात किमान एक पुरुष नसबंदीसाठी आणावा, अन्यथा वेतन रोखले जाईल, सक्तीची निवृत्तीही दिली जाईल. गदारोळ होताच काही दिवसांत ते मागे घ्यावे लागले. पुरुषांचा सहभाग वाढावा हा हेतू रास्त होता. धमकीवाचून तो साधण्याचा मार्ग सरकारी कचेरीला सुचू नये, यातच सगळे आले.

तात्पुरती साधने नाहीत असे नाही. तीन महिन्यांतून एकदा घ्यायचे ‘अंतरा’ हे इंजेक्शन आणि ‘छाया’ ही संप्रेरकविरहित गोळी सरकारी केंद्रांतून मोफत मिळते. छाया म्हणजे लखनौच्या केंद्रीय औषधी संशोधन संस्थेत विकसित झालेले औषध. बाजारात ते ‘सहेली’ म्हणून १९९१ पासूनच होते. सरकारी कार्यक्रमात यायला त्याला पाव शतक लागले. प्रसूतीनंतर लगेच तांबी बसवण्याची सोयही आहे. परंतु या साधनांना एकदाच्या शस्त्रक्रियेसारखे उरकून मोकळे होता येत नाही. अंतराचे दुसरे इंजेक्शन तीन महिन्यांनी उपकेंद्रात हजर असावे लागते, पाळी लांबली किंवा चुकली की घाबरलेल्या बाईला कोणी तरी समजवावे लागते, तांबीने पोटात दुखत असेल तर टाळाटाळ न करता ती काढून द्यावी लागते. एकदा कुणाचा विश्वास गेला की ती बाई तर सोडतेच, शेजारणींनाही सांगते. शिवाय तांबी बसवताना आधी विचारले नाही, अशा तक्रारी देशाच्या अनेक भागांतून येत राहिल्या आहेत. विचारणे हा उपचाराचा भाग आहे, सौजन्याचा नव्हे.

साधन हाती नसले की काय होते, याचा अंदाज ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये प्रसिद्ध झालेल्या २०१५ सालच्या अभ्यासावरून येतो. त्या वर्षी भारतात सुमारे ४.८१ कोटी गर्भधारणा झाल्या आणि त्यातल्या जवळपास निम्म्या अनियोजित होत्या. गर्भपात झाले १.५६ कोटी. त्यातले ७३ टक्के रुग्णालयाबाहेर, औषधाच्या दुकानातून आणलेल्या गोळ्यांनी. या गोळ्या योग्य दिवसांत, योग्य मात्रेत घेतल्या तर सुरक्षित असतात. पण दुकानदार दिवस मोजत नाही आणि रक्तस्राव थांबला नाही तर कोठे जायचे, हेही सांगत नाही. गर्भपात १९७१ पासून कायदेशीर आहे. २०२१ च्या दुरुस्तीने साधन निकामी ठरल्याचे कारण विवाहितेपुरते न ठेवता ‘स्त्री किंवा तिचा जोडीदार’ असे शब्द घातले. २९ सप्टेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अविवाहितांना २४ आठवड्यांच्या मुदतीतून वगळता येणार नाही, असा निर्वाळा दिला. कायदा इतका पुढे आला, आणि सरकारी आकडेवारीच्या ठळक तक्त्यात मात्र आजही ‘सध्या विवाहित’ एवढ्याच स्त्रिया मोजल्या जातात.

गोव्याने या तुलनेत पाठ थोपटून घ्यावी, अशी स्थिती नाही. एक तर गोव्याचे आकडे जपून वाचावेत. २०१५-१६ च्या फेरीत येथे साधन वापरणाऱ्या विवाहिता २६.३ टक्के होत्या, पुढच्या फेरीत त्या ६७.९ टक्के झाल्या. पाच वर्षांत निम्म्या राज्याने सवय बदलली, हे पटण्याजोगे नाही. पाहणीतील स्त्रियांची संख्या लहान राज्यात थोडी असते आणि अनोळखी प्रगणकापुढे असल्या विषयावर तोंड उघडायला अनेकींना संकोच वाटतो. आधीचा आकडा कमी पडला असणार, असेच मानणे बरे. जन्मावेळी हजार मुलग्यांमागे मुली ९६६ वरून ८३८ वर घसरल्याचा त्याच पाहणीतला आकडाही असाच सावधपणे घ्यावा. मात्र तो दुर्लक्षून चालणार नाही. कमी मुले आणि त्यातला एक मुलगाच, या हट्टाची दिशा कुठे जाते ते इतर राज्यांनी पाहिले आहे.

अधिक भरवशाचे दोन आकडे आहेत आणि ते दोन्ही काळजीचे आहेत. सिझेरियन प्रसूती ३१.४ टक्क्यांवरून ३९.५ टक्क्यांवर गेल्या. रक्तक्षय असलेल्या स्त्रिया ३१.३ वरून ३९ टक्के झाल्या. पोट फाडून झालेल्या बाळंतपणानंतर गर्भाशयावरचा व्रण भरायला अवधी लागतो, आणि लवकर गर्भ राहिल्यास पुढच्या प्रसूतीत तो व्रण उसवण्याची जोखीम वाढते. दर पाचांतील दोन मातांवर ही शस्त्रक्रिया होत असेल, तर घरी सोडताना टाके आणि आहाराबरोबर अंतराबद्दल बोलणे भाग आहे. बांधकामावर, मासेमारीच्या ट्रॉलरवर, कारखान्यांत राबणाऱ्या परप्रांतीय कुटुंबांतील स्त्रियांपर्यंत ते पोहोचते काय, हे राज्याच्या सरासरीतून कळत नाही. त्या स्त्रिया येताना आपल्या गावाकडचा तो ठरलेला क्रमही सोबत आणतात, आणि तीन महिन्यांनी दुसरे इंजेक्शन घ्यायची वेळ येते तेव्हा त्या दुसऱ्याच कामावर, दुसऱ्याच तालुक्यात असतात.

दुसऱ्या टोकाला, २०२३ मध्ये गोवा वैद्यकीय महाविद्यालयात वंध्यत्वावरील उपचार मोफत सुरू झाले. उशिरा लग्न, उशिरा पहिले मूल ही गोव्याची रीत झाली असल्याने त्याची गरज होतीच. मूल हवे असूनही होत नाही आणि नको असताना राहते, या दोन्ही व्यथा एकाच गावात, प्रसंगी एकाच घरात असतात. संयुक्त राष्ट्रसंघाच्या लोकसंख्या निधीने जून २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात भारतातील सुमारे ३६ टक्के प्रौढांनी अनियोजित गर्भधारणेचा अनुभव सांगितला, तर ३० टक्क्यांनी हवी तितकी मुले, अधिक वा कमी, होऊ शकली नसल्याचे म्हटले. तीन अपत्यांचा आग्रह धरणाऱ्यांनी आणि दोनांवर अडून बसणाऱ्यांनी हे आकडे शेजारी शेजारी ठेवून वाचायला हरकत नाही.

उरले पुरुष. पाचव्या फेरीत देशातील ३५.१ टक्के पुरुषांनी गर्भनिरोधन हे बायकांचे काम असल्याचे मत नोंदवले. पुरुष नसबंदी बिनटाक्याची, काही मिनिटांची, स्त्रीच्या शस्त्रक्रियेहून सोपी आणि कमी जोखमीची आहे. देशात तिचे प्रमाण ०.३ टक्के आहे. मध्य प्रदेशात ०.७. साक्षर, सुखवस्तू, सहज दवाखाना गाठता येणाऱ्या गोव्यात सर्वेक्षणाच्या रकान्यात शून्य आहे.